वैरागच्या वळणावरचा कठडा

सर्व्हिस मोटारीनं दर शनिवारी प्रवास केला, की किस्से टपावरच्या सामानासारखे साठत जातात. एक काढायला जावं तर वरचे चार अंगावर येतात!

मी बार्शीला मुलींच्या शाळेत शिकवते आणि शनिवारी सोलापूरला घरी येते. पुण्याच्या कॉलेजात बी. ए. झाले, पण दचकायची सवय काही गेली नाही. पहिल्याच दिवशी इंजिन धडाड्दिशी सुरू झालं आणि मी किंकाळी फोडली. ड्रायव्हर रसूलभाईंनी घाबरून इंजिन बंद केलं.

“कायकू चिल्लाते, बाई? गाडी चालू हुई, इत्ताच!”

त्या दिवशी गाडी पुन्हा चालू व्हायला तास लागला. तेव्हापासून अख्खी मोटार मला ओळखते.

*

वैराग सोडलं की ओढ्यापाशी रस्ता एकदम वळतो आणि डाव्या हाताला खोल घळ. तिथं रसूलभाई ‘बिस्मिल्ला’ म्हणून मोटार इतकी हळू काढायचे, की बाजाराला निघालेल्या गंगाक्का चालत्या मोटारीतून उतरून, शेजारच्या मळ्यातून कोथिंबीर मागून घेऊन, पुढं पुन्हा चढायच्या.

मग कुणा कंत्राटदारानं तिथं लाकडी कठडा बसवला. वर पांढराशुभ्र चुना. रसूलभाई खूश!

“अब क्या डर? कठडा है ना!”

आणि मोटार अशी सुटली, की गंगाक्कांची कोथिंबीर कायमची बंद झाली.

*

एकदा नेमकं तिथंच पंक्चर झालं. उन्हानं चक्कर आल्यासारखं झालं म्हणून मी कठड्याला टेकले. खांब हलला! मी किंचाळले.

“खांब नाही, बाई,” दर शनिवारचे सोबती कुलकर्णी मास्तर शांतपणे म्हणाले, “तुम्ही हललात.”

मी परोपरीनं सांगितलं. खांब मोकळ्या मुरुमात नुसता उभा केलाय, खाली ना दगड ना चुना. मोटार धडकली तर कठड्यासकट घळीत जाऊ. गंगाक्कांनी खांबाकडं नीट बघून घेतलं.

“पांढरा फटफटीत हाय की! आनि काय पायजे?”

मी मात्र दर शनिवारी वैराग आलं की समोरची दांडी घट्ट धरून बसायची. सगळे त्या कठड्याच्या भरवशावर आणि कठडा कशाच्या भरवशावर, ते मला एकटीला ठाऊक!

*

कठड्याच्या फळ्यांचे जोडही उलटे होते. फळीची टोकं येणाऱ्याच्या अंगावर भाल्यासारखी रोखलेली. एका शनिवारी मास्तर पान थुंकायला बाहेर वाकले आणि त्यांचं उपरणं टोकाला अडकून गळ्यातून सर्रकन गेलं. मागं वळून बघितलं तर कठड्यावर निशाणासारखं फडफडतंय!

“सत्कारात उपरणं मिळतं,” मास्तर म्हणाले, “परत घेतात हे आज कळलं!”

“अहो, मडगार्ड अडकलं असतं तर?” मी रडकुंडीला आले.

“बाई, शाळेत तुम्ही गणित शिकवता, की अपघात?”

*

मग आला बोकड. गंगाक्का त्याला सोलापूरच्या बाजारात विकायला नेत होत्या. वळणाच्या अलीकडं रसूलभाई इंजिनात पाणी घालायला थांबले, तेवढ्यात आक्कांनी बोकडाला पाय मोकळे करायला उतरवलं आणि कठड्याच्या पहिल्याच खांबाला बांधलं.

पाणी घालून झालं. रसूलभाईंनी भोंगा वाजवला. बोकड उधळला, आणि खांब त्याच्या मागोमाग निघाला! पुढं बोकड, मागं खांब, खांबाला लोंबणारी फळी.

मी किंचाळायची विसरले. रसूलभाईंनी कपाळाचा घाम पुसला आणि पुढच्या सीटवरचं फडकं झटकलं.

“बाई, तुम आगे बैठो. मेरे भोंगे से तुमारा भोंगा अच्छा.”

*

बोकड सापडला. गंगाक्कांनी खांबही टपावर चढवला आणि सोलापुरात उतरल्यावर सडकेच्या साहेबांच्या हापिसात नेऊन थेट टेबलावर ठेवला.

“हे काय?” साहेब उभेच राहिले.

“तुमचा खांब. आमच्या बोकडानं उपटलाय. आता ह्यो पक्का बसवायला तुमी मानसं लावनार, का आमीच लावू?”

*

नवा कठडा झाला. खोल खड्डे, दगड, चुना, जोड सुलटे. काम उरकलं त्या शनिवारी मिस्त्रींनी मोटार अडवली.

“त्या भित्र्या बाई कोन? त्यांनी टेकून बघावं. त्या गप ऱ्हायल्या, तर कठडा पास!”

सगळी मोटार खाली उतरली. मी खांबापाशी गेले. डोळे गच्च मिटले आणि सगळा भार टाकून टेकले.

खांब तसूभर हलला नाही. मी डोळे उघडले.

माझ्या पदराचं टोक गंगाक्कांच्या मुठीत होतं. गंगाक्कांचा दुसरा हात मास्तरांनी धरला होता. मास्तरांचा कोट रसूलभाईंच्या हातात, आणि रसूलभाईंचा दुसरा हात मोटारीच्या दाराला घट्ट!

“क्या देखते, बाई?” रसूलभाई म्हणाले. “टेको, टेको!”