बाबांची बाजू

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती आणि मी कलकत्त्यात तत्त्वज्ञानात एम. ए. करत होते. शहरात रोज कुठे ना कुठे बॉम्ब फुटायचे, वर्ग बंद पडायचे. आमची शेवटची परीक्षा दोनदा पुढे ढकलली गेली होती. तशात केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्या बाबांची नागपूरला बदली झाली. मीही सोबत जाणार, हे त्यांनी गृहीतच धरलं. तिकडे अभ्यासक्रम वेगळा, म्हणजे पुन्हा पहिल्या वर्षापासून श्रीगणेशा. शिवाय एकदा तिथे गेल्यावर एम. ए. बाजूला राहून स्थळं बघायला सुरुवात होणार, हे मी ओळखून होते. मला परीक्षा इथेच द्यायची होती, काही झालं तरी.

भांडून उपयोग नव्हता. बाबा माझ्याहून हट्टी. म्हणून मी आमच्या सरांची रीत वापरायची ठरवलं. न्यायदर्शन शिकवणारे हे वयस्कर बंगाली गृहस्थ वर्गात कुणालाही स्वतःचं मत थेट मांडू देत नसत. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं सांगायचं, आणि तेही असं की त्याने स्वतः मान डोलवावी. खंडन त्यानंतर. कुणी समोरची बाजू लेचीपेची करून मांडली, की सर विचारायचे, "इतक्या दुबळ्या माणसाशी भांडायला लाज नाही वाटत?"

रविवारी सकाळी चहा झाल्यावर मी बाबांसमोर बसले आणि त्यांची बाजू मांडली. शहरात धोका आहे. परीक्षा कधी होणार, कुणालाच माहीत नाही. तेविशीतली मुलगी मागे एकटी राहिली तर आईच्या डोळ्याला डोळा लागणार नाही. इथवर सगळं त्यांचंच होतं. पण पूर्वपक्षात काही कमी राहू नये म्हणून मी त्यांना न सुचलेला एक मुद्दाही घातला: परीक्षा झालीच, तरी सध्या हॉलमध्ये उघड कॉपी चालते, मग या वर्षांच्या पदव्यांना उद्या कोण विचारणार? एवढं बोलून मी दम घ्यायला थांबले.

"शाबास!" बाबा म्हणाले. "अगं, अगदी माझ्या मनातलं बोललीस. मी उगाच काळजीत होतो." आणि ते पिशवी घेऊन बाजारात गेलेसुद्धा. आईने माझ्या पुस्तकांसाठी ट्रंक रिकामी करायला घेतली. खंडनाचे कागद माझ्या हातात तसेच. स्वतःचाच इतका संताप आला की मी रडले. सरांच्या वर्गात पूर्वपक्ष संपला म्हणून कुणी उठून भाजी आणायला जात नसे!

दुसऱ्या दिवशी बाबा ऑफिसला निघाले तशा मीही चपला चढवल्या. आमच्या घरापासून डमडम स्टेशन वीस मिनिटांवर.

"बाबा, काल माझं अर्धंच झालं होतं. ते तुमचं म्हणणं होतं. आता माझं ऐका."

ते चालत राहिले, मी बोलत राहिले. मुलींच्या होस्टेलमध्ये जागा आहे, मी चौकशी करून आले आहे. तारीख ठरेपर्यंत अभ्यास तर थांबत नाही. आईला आठवड्याला दोन पत्रं पाठवीन, एक चुकलं तरी येऊन मला घेऊन जा. फलाटावर पोचल्यावर ते म्हणाले, "आणि पदवीचं काय? ते तर तूच काढलंस."

त्यावर मी कालपासून डोकं खाजवत होते, काही सापडलं नव्हतं. "त्याला उत्तर नाही," मी म्हटलं. "लोकांनी नाही मानली तर नाही मानली. मला काय येतं ते मला बघायचंय. अर्धवट टाकून मी येणार नाही."

बाबांनी समोरची गाडी जाऊ दिली. गाडी सोडणाऱ्यातले ते नव्हेत. मग म्हणाले, "होस्टेलचा फॉर्म आण. सही करतो."

परीक्षा झाली ती जवळजवळ वर्षाने. शेजारच्या मुलीने बाकावर सरळ पुस्तक उघडलं होतं आणि पर्यवेक्षक खिडकीतून बाहेर बघत होते. तिचं काम झाल्यावर तिने ते मायेने माझ्याकडे सरकवलं. मला एक प्रश्न येत नव्हता आणि त्याचं उत्तर त्याच पुस्तकात होतं. मोह झाला, खोटं कशाला सांगू. पुस्तक परत सरकवलं आणि तो प्रश्न सोडून दिला.

फर्स्ट क्लास थोडक्यात हुकला. पुस्तकं उघडून बसलेल्या काहींना तो मिळाला होता. मी चिडून हे सगळं नागपूरला कळवलं. उलट टपाली आईचं पत्र आलं, नेहमीच्या खुशालीचं. तळाशी बाबांच्या अक्षरात तीन ओळी होत्या:

"निकाल कळला. त्यातला एकेक मार्क तुझा आहे. पदवी घ्यायला एकटी जाऊ नकोस, मी रजा टाकली आहे."