तळ्याकाठच्या केशरी पट्ट्या

ती घटना मी विसरलेलो नाही, आणि विसरू नये असंच मला वाटतं.

तेव्हा मी नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या डोंगरी भागात पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. जंगलात वर एक मोठं तळं. नांदेडच्या एका मंडळाने वनखात्याची परवानगी घेऊन तळ्याभोवती पायवाटेने धावण्याची शर्यत ठेवली. मी चाकूरकडच्या सपाट काळ्या रानात वाढलेला माणूस. शिकलीसवरली माणसं डांबरी रस्ता सोडून दगडधोंड्यांतून का पळतात, हे मला कळेना. तरी बंदोबस्ताला दोन शिपाई दिले.

धावणाऱ्यांची वाट चुकू नये म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी झाडांना केशरी पट्ट्या बांधल्या होत्या. सकाळी नऊला वायरलेसवर निरोप आला: एक प्राध्यापक बाई बेपत्ता. अकराच्या सुमारास त्या वनरक्षकांना घळीत सापडल्या, घोटा मोडलेला. वळणावरची पट्टीच नव्हती, म्हणून त्या सरळ खाली उतरत गेल्या होत्या. वाट तपासली, तर बऱ्याच पट्ट्या गायब.

दुपारी ठाण्यात फोन आला. नाव सांगितलं नाही.

"साहेब, वस्तीवरचा तो भरतीवाला हाय ना, त्यानंच काढल्या. शर्यतीत घेतलं न्हाई म्हणून. फटफटताना तळ्यावर पाहिलं मी त्याला."

तळ्याजवळच्या वस्तीवरचा हा तरुण पोलीस भरतीची तयारी करत होता, रोज त्याच वाटेने अनवाणी धावायचा. शर्यतीत नाव द्यायला गेला, तर बूट नाहीत म्हणून त्याला परत पाठवलं. चार लोकांदेखत तो म्हणाला होता, "बघतो कसे पळतात ते." बोलावणं धाडलं, तर स्वतःच चालत आला.

"पट्ट्या तू काढल्यास?"

"न्हाई साहेब."

"सकाळी तिथं काय करत होतास?"

"पळून राहिलो होतो. रोजचंच हाय."

"मग कोणी काढल्या?"

तासभर विचारलं, तरी या प्रश्नाला गप्पच.

बाहेर मंडळाचे अध्यक्ष लेखी फिर्याद घेऊन बसले होते, त्याच्या नावानिशी. गुन्हा दाखल झाला की चारित्र्य पडताळणी अडकणार आणि भरती गेली, हे त्यालाही माहीत होतं. माझे जुने हवालदार त्याच भागातले. ते हळूच म्हणाले, "साहेब, खोटं बोलणारा लई बोलतो. ह्यो कुणाला तरी झाकून राहिला."

अध्यक्षांना म्हटलं, संध्याकाळपर्यंत थांबा. पट्ट्या बांधणारा मंडळाचा माणूस आणि हवालदार यांना घेऊन मी तळ्याला पायी फेरी घातली. तो माणूस एकेक झाड दाखवत होता: इथली आहे, इथली गेली. सागाची एकही पट्टी हललेली नव्हती. गेलेल्या सगळ्या एकाच जातीच्या झाडांवरच्या, आणि त्यांच्याखालचा पाला झाडून जमीन अंगणासारखी केलेली.

"हे कोणतं झाड?" मी विचारलं.

हवालदार माझ्याकडे बघत राहिले. "मोह हाय साहेब. आता फुलं गळतील, म्हणून बाया झाडून ठेवतात."

वस्तीवर गेलो. पहिल्याच घराच्या ओट्यावर खराटा होता, आणि त्याची मूठ केशरी पट्ट्यांनी आवळून बांधलेली. घरातून एक बाई बाहेर आल्या. त्या तरुणाची आई.

"पट्ट्या तुम्ही काढल्या?"

"हाव, म्याच. मोहाला चिंधी बांधली की ते झाड त्या घरचं, फुलं त्याह्यची. सकाळी पाहते तर आमचे सगळे मोह केशरी. म्हटलं, शहरवाल्यानं फुलं धरली की काय."

"मग सागाच्या का नाही काढल्या?"

"साग आमचा हाय व्हय?"

प्राध्यापक बाईंचा पाय मोडल्याचं सांगितलं, तेव्हा त्या खराट्याच्या मुठीवरच्या पट्ट्या सोडू लागल्या. मुलाने पहाटे धावता धावता त्यांना पट्ट्या काढताना पाहिलं होतं. तो त्यांनाच झाकत होता.

दवाखान्यात जाऊन प्राध्यापक बाईंचा जबाब घेतला. त्यांनी सगळं ऐकलं आणि तक्रार नसल्याचं लिहून दिलं. वर मलाच विचारलं, "पट्ट्या बांधण्याआधी वस्तीवर कुणी विचारलं होतं का?" अध्यक्षांनी फिर्याद मागे घेतली. मी स्टेशन डायरीत नोंद करून प्रकरण मिटवलं.

कॉलेजची पायरी चढणारा आमच्या घरातला मी पहिला, आणि त्याचा अभिमान मी कधी लपवला नाही. पण त्या दिवशी पदवी होती, ट्रेनिंग होतं, आणि झाड ओळखता येत नव्हतं. तासभर मी "तू केलंस का" एवढंच विचारत बसलो. झाडाला चिंधी म्हणजे तुमच्याकडे काय, हा प्रश्न मला सुचलाच नाही. पुढच्या प्रत्येक ठाण्यात मी तसला प्रश्न आधी विचारला.

काही महिन्यांनी त्या तरुणाचा पडताळणीचा फॉर्म माझ्याच टेबलावर आला. गुन्ह्यांच्या रकान्यात मी 'निरंक' लिहिलं, आणि अक्षर जरा मोठंच काढलं.