वाट सांगणारी माणसं

राणी मरगळे साधनाबाईंच्या पहिल्यांदा लक्षात आली ती शाळेबाहेर, रानात. बाई ताम्हिणीच्या शाळेत नुकत्याच रुजू झाल्या होत्या. पटावर नाव असूनही वर्गात न दिसणारी चौथीतली एक मुलगी शोधायला त्या डोंगरावरच्या धनगरवाड्याकडे निघाल्या होत्या. चढ संपला आणि वाटेला तीन फाटे फुटले. तिथेच एका दगडावर, म्हशींकडे तोंड करून, एक मुलगी बसली होती.

"बाळ, काळू मरगळ्यांचं घर कुठल्या वाटेनं?"

मुलीने बाईंना चपलांपासून चष्म्यापर्यंत पाहून घेतलं. "कुनाच्या तुमी?"

"मी शाळेतली नवी बाई."

"कुटनं आलाय?"

"पुण्याहून."

"एकल्याच? भ्या न्हाई वाटलं? पानी पिनार का?"

बाईंनी पाणी प्यायलं, घाम पुसला, सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. मग मुलगी उठली. "ही मधली वाट. म्होरं उंबर लागंल, तितनं खालच्या अंगाला वळा. वरची वाट म्हशींची हाय, ती तुमाला झेपायची न्हाई." आणि मग जाता जाता म्हणावं तसं म्हणाली, "काळू माजाच बाप हाय."

"अगं, मग आधी का नाही सांगितलंस?"

"आदी तुमी कोन त्ये कळाया नगो?"

बाईंना हसू आवरेना. पुढच्या सोमवारपासून राणी शाळेत येऊ लागली. खाडे व्हायचे, पण ती यायची. गणितात यथातथा होती. चित्रकलेच्या तासाला मात्र तिच्या डोंगरांवर वाटा असायच्या. बाकीची मुलं त्रिकोण काढून मधून उगवता सूर्य दाखवायची. राणीच्या डोंगरावर कुणी कुठून चढायचं, कुठे बसायचं, पाणी कुठे, सगळं दिसायचं. पौडला दहावी झाली, पुढे बारावी झाली. साधनाबाईंनी चार ठिकाणी चौकशा केल्या आणि पुण्यात अ‍ॅनिमेशनच्या पदविकेला तिचं नाव घातलं. तिथून ती पुण्याबाहेर मारुंजीला, संगणकावरचे खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत लागली. "पोरगी काय करती?" असं कुणी विचारलं तर काळू एवढंच सांगायचा, "कॉम्पुटरात डोंगर बांधती." सांगताना त्याची मान थोडी वर जायची.

कंपनी इंद्रजित नावाच्या तरुणाची. हुशार, बोलका, आणि बोलायला लागला की स्वतःच्याच बोलण्यात वाहून जाणारा. त्याच्या खेळाचं नाव होतं 'नवखंड'. जादूचं, राजे-राक्षसांचं एक अख्खं जग. नऊ खंडांत नऊ प्रकारची माणसं, आकाशात उडणारी जनावरं, दिसेल त्या डोंगरावर चढता येणार, दिसेल ते दार उघडता येणार. व्यासपीठावर उभा राहून त्याने हे सगळं सांगितलं आणि देशोदेशीचे खेळणारे वाट पाहू लागले.

त्यातला डोंगरी खंड राणीकडे आला. तिने कित्येक वर्षं खपून तो उभा केला. कडे, सोंडा, खिंडी, कुंडं, मधून जाणाऱ्या गुरांच्या वाटा. इतर खंडांत पडद्यावर एक बाण खेळणाऱ्याला वाट दाखवायचा. राणी म्हणाली, माझ्या खोऱ्यात बाण नको. डोंगरात कुणी बाण बघून जातं का? माणसाला विचारायचं. म्हणून तिने प्रत्येक फाट्यावर एक माणूस ठेवला. कुठे म्हातारी, कुठे गुराखी, कुठे मोळी उतरवून टेकलेली बाई. आधी ते तुमची चौकशी करणार, तुम्ही काय उत्तर देता ते पाहणार, मग वाट सांगणार. इंद्रजितला ही कल्पना इतकी आवडली की तीही त्याने व्यासपीठावरून जाहीर करून टाकली.

दिवाळीच्या सुमारास खेळ बाजारात आला आणि चार दिवसांत त्याची शोभा झाली. नऊ खंडांतले पाचच तयार होते. शहरातली दारं भिंतीवर रंगवल्यासारखी. उघडायचा प्रश्नच नाही. उडणारी जनावरं खडकात अडकून पाय झाडत राहायची. आणि राणीच्या खोऱ्यातली माणसं मुकी होती. आवाज भरण्याचं काम शेवटी ठेवलेलं होतं, आणि शेवटी पैसाही उरला नाही आणि वेळही. खेळणारा दमून फाट्यावर पोचायचा, म्हातारी त्याला नीट न्याहाळायची, हात वर करायची, ओठ हलवायची. आवाज काही यायचा नाही. बाण नाही, पाटी नाही, खाली अक्षरं नाहीत, आणि सांगणारी मुकी. लोकांनी त्याच्या चित्रफिती काढल्या, त्यावर हसले. 'मुक्यांचं खोरं' असं नावच पडलं. राणीने त्यातली एकही चित्रफीत चुकवली नाही. सगळ्या पाहिल्या, खालचे शेरे वाचले, आणि जेवणाचा डबा न उघडता घरी नेला.

इंद्रजितने तिला बोलावून घेतलं. तोही खचलेला होता. "राणी, पुढच्या दुरुस्तीत ही माणसं काढून टाकू. बाण लावू. वाट सापडली तर निदान शिव्या तरी कमी होतील."

"चूक माझीही आहे, सर," राणी म्हणाली. "फाट्यावरचा माणूस बोलणार नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्याकडे तसं होतच नाही. एखादी खूण ठेवायला हवी होती. पण माणसं काढू नका. त्यांना मी बोलायला लावते."

"कलाकारांना द्यायला माझ्याकडे काय आहे?"

"कलाकार नकोतच."

"आणि भाषा कुठली?"

"आमची. अर्थ खाली अक्षरांत येईलच की."

इंद्रजितने डोळे चोळले. "महिनाअखेरपर्यंत बघ. नाही जमलं तर बाण."

पौषातल्या एका रविवारी ताम्हिणीच्या शाळेची एक खोली उघडली. साधनाबाई निवृत्त झाल्या होत्या, पण किल्ली मागायला त्याच गेल्या. घाटात जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न आत येऊ नयेत म्हणून खिडक्यांना गोधड्या टांगल्या. काळू आणि राणीची आई लिलाबाई धनगरवाड्यावरून खाली उतरले. घाटरस्त्यावरचा आपला ढाबा बंद ठेवून गेणबाही आला, तोही नवा सदरा घालून.

"फोटू कवा काढनार?"

"फोटो नाही गेणबाकाका, आवाज घ्यायचाय."

"आगं मंग दाढी कशाला करायला लावलीस?"

पहिला मान गेणबाचा. त्याने छाती भरून श्वास घेतला आणि असा काही आवाज काढला की गोधडीवरची चिमणी उडाली.

"हळू काका. मशीन इथंच आहे."

"मंग पार खोऱ्यात कसं ऐकू जानार?"

लिलाबाईची तऱ्हा उलटी. घरात बोलायला लागली की तिच्यापुढे कुणी टिकत नसे. यंत्रासमोर बसली आणि पदर सारखा करून पुस्तकातल्यासारखं बोलू लागली. "प्रवासी बंधू, आपण कोठे निघाला आहात?"

"आई, असं कोण बोलतं गं?"

"रेडिओवर बोलत्यात."

"बरं, मी परकी आहे असं समज. मावशी, देवटाक्याला कसं जायचं?"

"टकुरं फिरलं का तुजं? न्हानपनी दिसभर तितंच डुंबायचीस की!"

सगळे हसले. राणीही हसली. पण महिना संपत आला होता आणि हाती एक वाक्य लागलं नव्हतं. दुपार झाली. मंडळी चहाला बाहेर पडवीत गेली. राणी आत एकटीच यंत्रापाशी बसून राहिली.

तेवढ्यात रस्त्यावर गाडी थांबली. काम कुठवर आलंय ते पाहायला इंद्रजित स्वतःच निघाला होता. घाटात फोनची रेंज गेली, दोनदा चुकला, ढाब्यावर थांबावं तर ढाबा बंद. पडवीत माणसं दिसली तसा तो उतरला. या माणसांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"राणी मरगळे कुठं भेटेल हो?"

लिलाबाईने कप खाली ठेवला. "कोन तुमी?"

खिडकीआड राणीने मान वर केली. तिने अलगद यंत्र उचललं, चालू केलं आणि गोधडीमागून खिडकीच्या कठड्यावर ठेवलं.

"मी पुण्याहून आलोय. तिच्याकडे काम होतं."

"काय काम?"

"ऑफिसचं आहे."

"आयतवारी? ऑफिस बंद नसतंय व्हय आयतवारी? नाव काय तुमचं?"

"इंद्रजित."

"लगीन झालंय का?"

"अं? हो, झालंय."

"मंग हरकत न्हाई," लिलाबाई म्हणाली. "पोरं-बाळं?"

"अहो, मला फक्त तिचा पत्ता—"

"जेवलाय का?" गेणबा मध्येच म्हणाला.

"नाही, पण—"

"मंग आदी जेवा. राणी कुटं पळून चाललीय? उपाशी मानसाला वाट सांगू न्हाई. ध्यानात ऱ्हात न्हाई त्येच्या."

सकाळपासून एक शब्द न बोललेला काळू आता उठला. "गाडी उनात हाय त्येंची. सावलीला घ्या म्हनावं." आणि पुन्हा बसला.

इंद्रजित वैतागून काहीतरी बोलणार होता. त्याचं लक्ष खिडकीकडे गेलं. गोधडीच्या कडेतून राणी दोन्ही हात जोडून, मान हलवून त्याला विनवत होती: बोलत राहा, सर. त्याने बूट काढले. मग पडवीत बसला आणि म्हणाला, "एक मुलगी आहे मावशी. तिसरीत."

पुढे अर्धा तास चौकशी चालली. राणीने नंतर सगळ्यांना ते ऐकवलं, तेव्हा लिलाबाई चपापली. "ह्यो माजा आवाज? मी येवडी भांडकुदळ हाय?"

"व्हय," काळू म्हणाला.

मग मात्र कुणाला काही शिकवावं लागलं नाही. इंद्रजितला भाकरी-पिठलं खाऊ घातलं आणि मुलांच्या बाकावर बसवलं. तो एकेका ठिकाणची वाट विचारत गेला. धुक्याच्या किल्ल्याला कसं जायचं? "किल्ल्याला? तितं काय ठिवलंय? राकीस हाय म्हन्त्यात. जायाचंच आसंल तर दिस हाय तवर जा. आन् येकलं नगा जाऊ." किल्ला खोटा, राक्षस खोटा, गेणबाची काळजी खरी होती. दिवस कलला तरी माणसं उठायला तयार नव्हती.

आवाज भरले गेले. इंद्रजितने बाणही दिला, पण ज्याला हवा त्याने लावून घ्यावा असा. माणसं जागच्या जागी राहिली. खेळ मात्र त्यामुळे तरला नाही. दारं बंदच होती, चार खंड आलेच नाहीत, कंपनीतली निम्म्याहून अधिक माणसं गेली. इंद्रजितने खेळणाऱ्यांची जाहीर माफी मागितली. ज्यांनी आधी टीका केली होती त्यांनी ती मागे घेतली नाही. फक्त खाली एक ओळ जोडली, की डोंगरी खंडात जरूर जाऊन या. परदेशातल्या एका मुलीने कंपनीला लिहिलं, 'ती म्हातारी रोज मला जेवलीस का विचारते. मला आता सगळ्या वाटा पाठ आहेत, तरी मी तिच्यापाशी थांबते.' राणीने ते पत्र आईला मराठी करून वाचून दाखवलं. लिलाबाई म्हणाली, "मंग जेवती का न्हाई ती येळंवर? त्ये लिव्हलंय का?"

ढाब्यावर कुणीतरी गेणबाला डिवचलं, "काय काका, गेम पडला म्हनं तुमचा?"

"गेम पडला आसंल," गेणबा चहा गाळत म्हणाला. "आमचं खोरं न्हाई पडलं."

पौडच्या कॉलेजात राणीला बोलायला बोलावलं होतं. साधनाबाई पहिल्या रांगेत होत्या. एका मुलाने उभं राहून विचारलं, "मॅडम, तुमचा खेळ फसला ना?" राणी म्हणाली, "हो, फसला. जेवढं बोललो तेवढं आम्हाला करता आलं नाही. पण माझं खोरं मी पुरं केलं." तिचा आवाज जराही दबलेला नव्हता. बाईंनी शेजारणीला उगाचच सांगितलं, "माझी विद्यार्थिनी."

कंपनी आता लहान झाली आहे आणि पुढचा खेळ एकाच गावाचा आहे. राणी जांबे गावात भाड्याच्या खोलीत राहते, स्कूटीवरून मारुंजीला जाते, आणि त्या खेळातली घरं, वाटा आणि माणसं ठरवण्याचं काम तिच्याकडे आहे.