अंडी कुठं गेली?

माझा स्वभाव मुळात तापट. गेली सव्वीस वर्षं सरकारी पशुवैद्य म्हणून बडोद्याजवळच्या पादरा गावाच्या आसपासची खेडी फिरते आहे, आणि त्यातली निम्मी तरी लोकांवर ओरडण्यात गेली असतील. आजारी कोंबडी घरात घेऊ नका, मेलेली उघड्या हातानं उचलू नका, अशा घरचं अंडंही कुणाला देऊ नका. कोरोनानंतर तर मी जास्तच मागे लागले. पुढची साथ अशाच एखाद्या परसातून उठेल, असं पंचायतीच्या ओट्यावर बसून सांगायची. लोक मान डोलवायचे आणि चहा मागवायचे.

त्या हिवाळ्यात माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे बडोद्याला आली होती. आठवा महिना. आमच्या शाकाहारी सोसायटीत अंड्याचं टरफलसुद्धा कागदात गुंडाळून टाकावं लागतं. पण डॉक्टरांनी अंडी खा म्हटलेलं, आणि बाईसाहेबांना हवी होती गावठी. एका मंगळवारी म्हशीला लस टोचायला गेले, तर त्या घरच्या मासींनी, म्हणजे मावशींनी, सहा अंडी फडक्यात बांधून पुढं केली. "लई जाव बेन, दीकरीसाठी." लेकीसाठी घेऊन जा, म्हणत होत्या. मी कुणाकडून कधी काही घेत नाही. त्या दिवशी घेतली. निघताना परसात एक कोंबडी पिसं फुलवून, मान आखडून बसलेली दिसली. थंडी आहे, बसली असेल, असं म्हणत मी गाडी सुरू केली. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याची सालटी काढली असती.

शनिवारी सकाळी पंचायतीतून फोन आला. मासींच्या आठ कोंबड्या दोन दिवसांत मेल्या होत्या.

निघाले खरी, पण डोकं ठिकाणावर नव्हतं. अर्ध्या रस्त्यात थांबून लेकीला फोन केला.

"अंडी उरलीत का गं?"

"दोन आहेत. आज सकाळी एक खाल्लं, अर्धकच्चं. मस्त होतं. का?"

"ती दोन राहू देत. हात लावू नकोस."

"काय झालं, आई?"

"काही नाही गं. जुनी वाटली मला."

खोटं बोलले, आणि तेही किती सहज.

मासींच्या परसात किट चढवलं, नमुने घेतले, बर्फाच्या डब्यात ठेवले. थंडीतही आतून घाम निथळत होता. कोंबड्या मारणारे रोग काय कमी आहेत? बर्ड फ्लूच असेल असं थोडंच आहे? असं स्वतःला समजावत होते आणि समजूत काही पटत नव्हती. गरोदर बाईला फ्लू किती जड जातो, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

मग फॉर्म. त्यात एक प्रश्न असतो: गेल्या पंधरवड्यात या घरातून कोंबड्या किंवा अंडी बाहेर कुठं गेली? जिथं गेली असतील तिथं माणसं पोचतात, कुणाला ताप आहे का बघतात, औषध देतात. साथ धरायची तर ती इथंच, पसरायच्या आधी. मी मासींना विचारलं. त्या ओट्यावर उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं.

"क्यांय नहीं, बेन. कुठंच नाही गेली."

बिचारी माझी लाज राखत होती. आणि मी लिहिलं, नाही. खरंच लिहिलं. साहेबांचं तोंड, सोसायटीतली कुजबुज, लेकीसमोर दारात उभी राहिलेली किटमधली माणसं, सगळं डोळ्यांपुढं आलं आणि हात आपोआप चालला. मग त्या अक्षरांकडे बघून मला माझीच अशी चीड आली की पेन कागदातून आरपार जायचं बाकी होतं. मी ते खोडलं. खाली माझा पत्ता लिहिला आणि मासींना ऐकू जाईल असं वाचलं. मंगळवार, सहा अंडी, डॉक्टरच्या घरी, बडोदा. घरात गरोदर मुलगी.

मासी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"तर मग अजून लिहा, बेन," त्या शेवटी म्हणाल्या. "माझी दीकरी छाणी गावात दिलीय. बुधवारी तिला एक कोंबडी पाठवली. जिवंत."

"कशी आहे ती कोंबडी?"

"काल मेली. दीकरीनंच हातानं उचलून टाकली. अंगावर पिणारं पोर आहे तिच्या."

सासरी बोभाटा होईल म्हणून सकाळपासून ही बाई ते पोटात दाबून बसली होती. मी 'नाही' लिहून निघून गेले असते, तर छाणीच्या त्या घरी कुणी फिरकलंही नसतं.

पुढं तपासणीत रोग निराळा निघाला, कोंबड्यांपुरता, आणि दोघी लेकी सुखरूप राहिल्या. पण तो निकाल यायला पाच दिवस होते. त्या दुपारी मासींनी माझा हातमोजा घातलेला हात धरला. एरवी मी ओरडले असते. त्या विचारत होत्या, "माझ्या दीकरीला काही होणार नाही ने, बेन?"

"मला माहीत नाही, मासी," मी म्हटलं. "माझीनंही आज सकाळीच खाल्लंय."