गणपतीतला सबवूफर

जयपूरच्या मराठी मंडळात मला जी काही किंमत होती, ती माझ्या स्टिरिओमुळे. विम्याच्या नोकरीत बदली होऊन मी तिथे गेलो होतो, आणि गणपतीतला कुठलाही नाच माझ्या अॅम्प्लिफायरशिवाय होत नसे. "काका, तुमच्याशिवाय कसं होणार?" हे ऐकायला मी वर्षभर थांबायचो.

मग जवाहर नगरातल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर नागपूरचा एक कॉम्प्युटरवाला मुलगा भाड्याने आला. हसरा, वाकून नमस्कार करणारा. त्या गणपतीत तो हॉलवर एक खोकं घेऊन आला. आत नवाकोरा सबवूफर, म्हणजे खालचा, घुमणारा आवाज काढणारा मोठा स्पीकर. सगळं मंडळ खोक्याभोवती गोळा झालं.

"मतलब, आता खरी मजा येणार!" सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "आतापर्यंत नुसतं किरकिरायचं."

किरकिरायचं! सात वर्षं मी तो स्टिरिओ स्कूटरवरून वाहून आणत होतो. माझा नुसता जळफळाट झाला.

"काका, मला यातलं काही समजत नाही. तुम्हीच जोडून द्या ना," असं म्हणून तो मुलगा चहा आणायला गेला.

माझ्या अॅम्प्लिफायरला सबवूफरसाठी वेगळी जागा नव्हती. म्हणून मी स्पीकरच्या तारा आधी सबवूफरमध्ये घातल्या आणि तिथून दुसऱ्या तारा स्पीकरपर्यंत नेल्या. तबल्याची सीडी हळू आवाजात लावून पाहिली. डग्गा असा घुमला की तळपायांना जाणवला. इतक्या वर्षांत माझ्या स्पीकरांनी मला हा आवाज कधी दिलाच नव्हता. तो सुंदर होता आणि त्या पोराचा होता, हेच मला सहन होईना.

सबवूफरच्या मागे एक छोटं बटण असतं. ते उलट्या बाजूला सरकवलं की सबवूफर आणि स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध काम करू लागतात आणि खालचा आवाज मरतो. मी ते सरकवलं.

संध्याकाळी नाच सुरू झाले. गाण्यांतले ढोल पत्र्याच्या डब्यासारखे वाजले.

"यापेक्षा काकांचं जुनंच बरं होतं," सेक्रेटरीबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. मी नम्रपणे मान खाली घातली. फार गोड वाटलं, खोटं कशाला बोलू?

विसर्जनानंतर तो मुलगा सबवूफर उचलून आमच्याकडे आला.

"दुकानदारानं फसवलं वाटते मला, काका. तुम्हीच ठेवा हा. तुम्ही एवढी मेहनत घेतली आणि माझ्या वस्तूनं तुमचा कार्यक्रम बिघडवला. मला फार वाईट वाटलं."

बटण चुकलं होतं, एवढंच सांगायचं होतं. ते तोंडाशी आलंही होतं. मी म्हणालो, "अरे, असं कसं," आणि सबवूफर घरात घेतला.

तो वर आणखी तीन वर्षं राहिला. त्याची मोटारसायकल फाटकाबाहेर गेल्याशिवाय मी सबवूफर कधी लावला नाही, आणि ती परत आल्याचा आवाज आला की धावत जाऊन आधी तो बंद करायचो.