फलाटबाईंच्या मांडीवरची मांजरी

बसस्थानकात सगळे त्यांना फलाटबाईच म्हणायचे. बावीस वर्षं त्या काचेच्या एका इवल्याशा खोलीत बसून, कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते माइकवरून सांगत आल्या होत्या. आवाज असा की झोपलेला माणूस जागा व्हावा, पण दचकू नये. आणि प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची सवय इतकी अंगात मुरलेली की घरीसुद्धा त्या "जेवायला या, जेवायला या" म्हणायच्या.

"पहिल्यांदाच ऐकू आलं गं बाई," सासूबाई म्हणायच्या, "मला काही गाडी पकडायची नाहीये."

मग एका सकाळी ती चूक झाली. फलाटबाई चारच्या जागी सात म्हणाल्या, तेही शिरस्त्याप्रमाणे दोनदा. सोनेरी गोंड्यांच्या टोप्या घातलेले चौदा बँडवाले बंदराच्या गाडीऐवजी खाणीच्या गाडीत चढले. बंदरावर एका लग्नात सगळे त्यांची वाट बघत राहिले आणि हे उतरले ते नेमके एका शोकसभेसमोर. तिथली शांतता पाहून ढोलवाल्याच्या हातून काठी निसटली, ती पडली ढोलावरच.

स्थानक महिनाभर हसत होतं. फलाटबाई हसल्या नाहीत. त्या दिवसापासून गाडी आणि फलाट लिहिलेली चिठ्ठी हातात आली की त्यांच्या छातीत धडधडायचं. चिठ्ठी चारदा वाचायची, मग धावत जाऊन गाडीवरची पाटी स्वतःच्या डोळ्यांनी बघायची, मग परत येऊन बोलायचं. तोवर गाडी वेशीबाहेर गेलेली असायची.

डॉक्टर म्हणाले, "खोल श्वास घ्या, सावकाश सोडा." फलाटबाईंनी घेतला, सोडला, फक्त माइक बंद करायचा राहिला. तो लांबलचक "सूऽऽऽ" ऐकून तीन ड्रायव्हर घाईघाईने खाली उतरले आणि आपापल्या टायरना लाथा मारून बघू लागले.

कंट्रोलर वयाने लहान, डोक्याने टकला आणि मनाने बरा होता. तो एक दिवस दारात घुटमळला. "ताई, वरून पत्र आलंय. आवाज भरलेलं यंत्र बसवायचं म्हणतायत. महिनाअखेरीला साहेब स्वतः येऊन ऐकणार. तुमचं जमलं तर तुम्ही, नाहीतर यंत्र. मग तुम्हाला हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसवणार."

"तिथं काय असतं?"

"छत्र्या."

"आणखी?"

"आणखी छत्र्या."

फलाटबाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही. आयुष्यभर येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोललेल्या बाईने आता मुक्या छत्र्यांकडे बघत बसायचं!

त्याच आठवड्यात खिडकीच्या गजांमधून एक पिवळी मांजरी आत आली. डावा कान तुटका, चेहरा तपासणीला आल्यासारखा. ती थेट जुन्या अँप्लिफायरवर जाऊन बसली, कारण तो कायम कोमट असायचा. तो फार तापला तेव्हा उतरून फलाटबाईंच्या मांडीवर आली, दोन गिरक्या घेतल्या आणि गाढ झोपली.

चिठ्ठी आली. फलाटबाई पाटी बघायला उठू लागल्या, तर मांडीत नखं रुतली. हलकीच, समज देण्यापुरती.

"अगं, जाऊ दे मला."

मांजरीने एक डोळा उघडला, मिटला. निजलेल्या जिवाला उठवायचं कसं? फलाटबाई जागच्या हलल्या नाहीत. चिठ्ठीवर भरवसा ठेवून बोलल्या. गाडी खरंच फलाट तीनवर होती. पुढचीही चिठ्ठीत लिहिलेल्या जागीच होती. संध्याकाळपर्यंत एकवीस गाड्या न तपासता बरोबर निघाल्या, आणि मांडीवरची संथ घुरघुर छातीतल्या धडधडीला हळूहळू आपल्या चालीवर आणत राहिली.

ती घुरघुर माइकमधून सगळ्या स्थानकभर ऐकू जायची. वायरमन दोनदा येऊन अँप्लिफायर उघडून गेला. "कुठंतरी वायर गुणगुणतेय, सापडत कशी नाही!" फलाटबाई मांडीवर शाल पसरून भोळ्या चेहऱ्याने बसून राहायच्या.

घरी मात्र पकडल्या गेल्या. "कपड्यांवर केस कसले गं?" सासूबाईंनी विचारलं.

"ऑफिसातले."

"ऑफिसात केस कुणाला आहेत? तो कंट्रोलर तर टकला!"

तेव्हा सगळं सांगावंच लागलं. सासूबाई ऐकून घेऊन म्हणाल्या, "मग आधीच नाही का सांगायचं! चार दिवस जेवायला एकदाच हाक मारतेस. मला वाटलं, तुला बरं नाहीये."

साहेब आले त्या दिवशी कंट्रोलरची हबेलंडी उडाली. शालीखालचं गुपित त्याला केव्हाच कळलं होतं. त्याने मांजरीला खोक्यात घालून पार्सलच्या खोलीत ठेवून दिलं. साहेब खुर्ची ओढून बसले. पहिली चिठ्ठी आली. फलाटबाईंची मांडी रिकामी. त्यांनी चिठ्ठी चारदा वाचली आणि पाचव्यांदा वाचायला घेतली. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

इतक्यात कंट्रोलर धावत आला, हातात फाटकं खोकं. "ताई, ती पळाली! गाड्यांमध्ये शिरली!"

फलाटबाईंनी माइक जवळ ओढला. "सर्व चालकांनी लक्ष द्यावं. कुणीही गाडी हलवू नये. पिवळ्या रंगाची, डावा कान तुटका असलेली एक मांजरी गाड्यांच्या दिशेने गेली आहे. कृपया चाकांखाली बघावं. प्रवाशांनी धावू नये, ती घाबरते. बिस्किट दाखवू नये, तिला आवडत नाही."

एकेक करत सगळी इंजिनं बंद झाली. इस्त्रीचे कपडे घातलेली माणसं ओणवी झाली. एक आजोबा तर आडवेच झाले. अकरा मिनिटांनी कुणीतरी ओरडलं, "सापडली!" एका ड्रायव्हरच्या सीटवर ती अंग चाटत बसली होती.

"अकरा मिनिटं उशीर," साहेब वही उघडत म्हणाले. "कारण काय लिहू?"

"माझी भीती लिहा, साहेब," फलाटबाई म्हणाल्या. इतक्या महिन्यांत हे त्या घरचे आणि डॉक्टर सोडून कुणाशीच बोलल्या नव्हत्या. "एकदा चूक झाली, तेव्हापासून धीर सुटलाय. ती मांडीवर असली की मला बसून राहता येतं. तिला इथं येऊ द्या, मग माझं काम ऐका."

"यंत्राला कुठं मांडी असते, साहेब," कंट्रोलर पुटपुटला, आणि आपण हे मोठ्याने बोललो हे लक्षात येऊन खोक्याआड झाला.

साहेब हसले नाहीत. मांजरी आणायला सांगून ते तासभर ऐकत बसले. नऊ गाड्या लागल्या, नऊ सुटल्या. मग त्यांनी वही मिटली. "यंत्र दुसऱ्या स्थानकाला द्या. आणि हिला परत खोक्यात घालू नका."

फलाटबाईंना त्यांचे आभार मानायचे होते, पण दहावी चिठ्ठी आली होती. त्यांनी ती एकदा वाचली आणि माइककडे वळल्या.