कोयत्याबरोबर उठणारी गाठ

आमच्या घरात पहिली पदवी माझी. बी.कॉम., तेही पहिल्या वर्गात. हे मी अजून कुणी न विचारता सांगते. त्यामुळे दवाखान्यात बोलायचं काम माझंच. आई दिवाळे गावच्या बाजारात मासे विकते, अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं बोलते, पण डॉक्टर दिसला की गप्प.

तिच्या उजव्या हाताला, कोपराच्या जरा खाली, गाठ होती. हात सैल असला की दिसायची नाही. कोयता धरून सुरमईवर घाव घातला की लिंबाएवढी वर यायची.

"बेटकुली आली गो तुला! आता कुस्तीला उतर," शेजारी बसणारी मावशी चिडवायची. आईही हसायची.

मग बोटांना मुंग्या यायला लागल्या. एके सकाळी कोयता हातातून निसटला, पायाजवळ पडला. आईनं तो उचलला आणि समोरचा मोठा मासा गुपचूप मावशीकडे सरकवला. आई स्वतःचं गिऱ्हाईक दुसरीला देते! मी ऑफिसला सुट्टी टाकली.

डॉक्टर तरुण होते. आईनं हात टेबलावर असा ठेवला, जणू तो हात तिचा नाहीच.

"मावशी, गाठ कुठाय?"

मी मोबाईलवर वाचलेलं सगळं सांगायला लागले. त्यांनी दाबून पाहिलं, काही नीट लागेना.

"आसं नाय दिसाची ती," आई एकदम म्हणाली. तिनं टेबलावरची लाकडी पट्टी उचलली, माझी पर्स आडवी ठेवली आणि शेपटीपासून तुकडे पाडायला सुरुवात केली. तिसऱ्या घावाला गाठ वर!

"थांबू नका, मावशी, कापत राहा," म्हणत डॉक्टरांनी बोट टेकवलं. "स्नायूच्या आत आहे. स्नायू आवळला की वर येते." माझ्या पदवीचा त्या दिवशी काहीच उपयोग झाला नाही.

एमआरआय झाला, सुईनं तुकडा काढून तपासला. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. चरबीची साधी गाठ निघाली. कॅन्सर नाही.

"त्रास नसता तर नुसतं लक्ष ठेवलं असतं," डॉक्टर म्हणाले. "पण नस दाबली जातेय, म्हणून काढू. स्नायूच्या धाग्यांत शिरलेली असते. थोडी राहिली तर परत वाढू शकते."

आई पुढे सरकली. "मासा साफ करताना पित्त फुटलं का सगला कडू. तशी अख्खी काढ, बाला. घाई करू नको."

"नाही करणार," डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "आमच्या सरांनीही एवढं सोपं करून सांगितलं नव्हतं."

काढलेली गाठ आईनं बघायला मागितली. पिवळी, गुळगुळीत. "माशाच्या पोटातली गाबोलीच जशी," ती म्हणाली आणि समाधानानं मान हलवली.

पुढचे काही आठवडे कोयता बंद. ती मावशीच्या शेजारी बसून तिच्या कापण्यात चुका काढायची. मावशीनं शेवटी माझ्यापुढे हात जोडले, "डॉक्टरला सांग, हिला लवकर बरी कर!"

डॉक्टरांनी परवानगी दिली त्या सकाळी मी बाजारात जाऊन उभी राहिले. पाच किलोची सुरमई होती. आईनं मूठ आवळली, कोयता उचलला. मी फक्त तिच्या हाताकडे बघत होते. घाव बसला. कोपराखाली बारीक व्रण, बाकी सपाट. मूठ घट्ट.

"माज्या हाताला काय बगतंस?" आई ओरडली, अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशी. "पिशवी धर, गिऱ्हाईक उभा हाय!"

मी पिशवी धरली.